कामावर निघालेला माणूस आणि मालकाची जबाबदारी

(अभ्यास-लेख)



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या भागातील रस्त्यांना रात्र उरत नाही. ट्रॅक्टर, बैलगाड्या, ट्रक यांची रीघ लागते. त्यातूनच पाळीवर जाणारा कामगार मोटारसायकलवरून किंवा सायकलवरून वाट काढत असतो. पहाटेची पाळी असेल तर थंडी, धुके आणि समोरून येणाऱ्या गाडीचा झोत. यात एखादा माणूस कामावर येता येता रस्त्यातच पडला, तर त्याची जबाबदारी कुणाची?

गटाच्या बैठकीत हा प्रश्न आम्ही विचारला, तेव्हा एका जुन्या सभासदाने पटकन उत्तर दिले, "गेटाच्या आत पाय पडला की कारखान्याचा माणूस. त्याच्या आधी रस्त्यावर जे होईल ते ज्याच्या त्याच्या नशिबाचं." बहुतेकांनी माना डोलावल्या. खरे सांगायचे तर काही दिवसांपूर्वीपर्यंत आम्हीही साधारण असेच धरून चाललो होतो. परंतु २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल वाचल्यावर ही समजूत आम्हांस सोडून द्यावी लागली. तो निकाल आपल्या मराठवाड्यातील एका साखर कारखान्याच्या रखवालदाराचा आहे. म्हणून तो सर्व सभासदांनी समजून घ्यावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

"हे लेबर ऑफिसरचे काम, आम्हाला काय त्याचे?" असे कुणी म्हणेल. पण कारखाना कुणाचा? आपला. मग कायद्याच्या भाषेत जो 'मालक' म्हणतात तो अखेर आपणच सर्व भागधारक. नुकसानभरपाई, तिच्यावरील व्याज आणि दंड भरावा लागला, तर तो पैसा आकाशातून येत नाही. तो आपल्याच उसाच्या पैशातून जातो. शिवाय आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात ट्रॅक्टर आहे, त्यावर ड्रायव्हर आहे. म्हणजे आपण कारखान्यात मालक आणि घरीही मालक.

१. पहाटे तीनची पाळी

हकिगत अशी. धाराशिव जिल्ह्यातील (तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा) एका साखर कारखान्यात एक गृहस्थ रखवालदार होते. त्यांची ड्युटी पहाटे तीन ते सकाळी अकरा. २२ एप्रिल २००३ रोजी ते मोटारसायकलवरून ड्युटीवर निघाले. कारखाना सुमारे पाच किलोमीटर राहिला असताना अपघात झाला आणि त्यात ते गेले. मागे पत्नी, मुले आणि म्हातारी आई.

घरच्यांनी भरपाईसाठी अर्ज केला. २००९ साली नुकसानभरपाई आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये आणि त्यावर २२ मे २००३ पासून दरसाल १२ टक्के व्याज मंजूर केले. त्याविरुद्ध अपील झाले. २०११ साली उच्च न्यायालयाने आयुक्तांचा हुकूम रद्द केला. कारण असे दिले, की अपघात कामाच्या जागी झालेला नाही, तो माणूस अजून वाटेतच होता. कुटुंब सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे २०२५ साली आयुक्तांचा मूळ हुकूम पुन्हा कायम झाला.

अपघातापासून शेवटच्या निकालापर्यंत बावीस वर्षे गेली. बाप गेला तेव्हा जी लेकरे होती, ती निकाल लागेपर्यंत स्वतः कर्ती झाली. न्याय मिळाला हे खरे, पण कोणत्या वयात मिळाला याचाही विचार मालक म्हणून आपण केला पाहिजे.

२. हा कायदा आला कोठून

पूर्वी यंत्रावर मजुराचा हात तुटला तर त्याने मालकाची चूक सिद्ध करावी, अशी रीत होती. गरीब मजूर ती कोठून सिद्ध करणार? म्हणून जर्मनीत १८८४ साली आणि इंग्लंडात १८९७ साली नवे कायदे झाले. आपल्या देशात १९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा झाला व तो १ जुलै १९२४ पासून अमलात आला. पुढे २००९ च्या दुरुस्तीने त्याचे नाव बदलून 'कर्मचारी नुकसानभरपाई कायदा' असे झाले.

या कायद्याचे मर्म एका वाक्यात सांगता येते. मालकाची चूक आहे की नाही, हे विचारायचे नाही. अपघात नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात झाला का, एवढेच पाहायचे. झाला असेल तर भरपाई द्यायची.

आता 'नोकरीच्या ओघात' म्हणजे कोठून कोठपर्यंत? सारा वाद येथेच आहे. १९५८ साली सौराष्ट्रातील मिठागराच्या कामगारांचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. कामावरून परतताना खाडी ओलांडणारी नाव बुडाली आणि कामगार दगावले. न्यायालयाने तत्त्व मान्य केले, की नोकरीची हद्द कामाच्या जागेच्या थोडी अलीकडे-पलीकडे पसरू शकते. परंतु सर्वांनी वापरायची नाव त्या हद्दीत येत नाही, असे ठरवून भरपाई नाकारली. पुढे १९९६ साली केरळातील एका कामगाराच्या बाबतीत तसेच झाले. तो सायकलवरून पाळीवर निघाला होता. कारखाना एक किलोमीटरवर आला असताना लॉरीची धडक बसली. त्यालाही कर्मचारी राज्य विमा योजनेचा लाभ मिळाला नाही. आपले जुने सभासद जे म्हणाले, ते त्या काळच्या निकालांना धरूनच होते. त्यांचे चुकले असे नाही, कायदा पुढे गेला.

३. साखर कारखान्याला ईएसआय का नाही

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण ती पुष्कळांस ठाऊक नसते. शहरातील गिरणीत किंवा इंजिनिअरिंग कारखान्यात कामगाराच्या पगारातून ईएसआय कापले जाते, मालकही हप्ता भरतो आणि दवाखाना, रजेतील भत्ता, अपघाताची पेन्शन हे सर्व ते महामंडळ बघते. हा १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा. पण हा कायदा हंगामी कारखान्यांना लागू नाही. हंगामी कारखाना कोणता, तर केवळ ठराविक धंदे करणारा, जसे कापसाचे जिनिंग, भुईमूग फोडणे, चहा, कॉफी आणि साखर व गूळ.

म्हणजे ज्या गिरणीवर ईएसआय आहे, तेथे अपघाताचा भार विमा महामंडळ उचलते. आपल्याकडे तसे छत्र नाही, आपल्याकडे भार सरळ मालकावर. धाराशिवच्या त्या रखवालदाराचे प्रकरणही म्हणूनच १९२३ च्या कायद्याखाली चालले.

यातील 'केवळ' हा शब्द जपून वाचावा. आज अनेक कारखान्यांना डिस्टिलरी आहे, वीज प्रकल्प आहे, काही विभाग बारमाही चालतात. आपल्या कोणत्या विभागाला काय लागू होते, हे कागदावर तपासून घेतलेले बरे. "साखर कारखाना म्हणजे सगळंच हंगामी," असे धरून बसू नये.

४. न्यायालयाने काय म्हटले

ईएसआयच्या कायद्यात १ जून २०१० पासून एक नवे कलम आले. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात नोकरीच्या ओघात झाला असे मानावे, मात्र अपघाताची परिस्थिती, वेळ व जागा यांचा नोकरीशी धागा जुळला पाहिजे, असे ते कलम. पण ते ईएसआयपुरते आणि २०१० नंतरचे. आपला रखवालदार १९२३ च्या कायद्यातील आणि अपघात २००३ चा.

सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, हे दोन्ही कायदे कामगाराच्या भल्यासाठी एकाच हेतूने केलेले आहेत आणि दोहोंतील शब्दही तेच आहेत. तेव्हा एकाचा अर्थ दुसऱ्यालाही लावता येतो. दुसरी, २०१० चे कलम नवा हक्क देणारे नसून आधीची शंका दूर करणारे आहे. म्हणून ते मागच्या प्रकरणांनाही लागू होते. पहाटे तीनच्या ड्युटीसाठी त्या अवेळी माणूस घराबाहेर पडतो, तो नोकरीसाठीच पडतो. तेथे धागा जुळला.

यातून भलताच अर्थ मात्र काढू नये. रस्त्यावरचा प्रत्येक अपघात मालकाच्या अंगावर आला, असे नाही. माणूस सुट्टीच्या दिवशी बाजाराला निघाला होता, किंवा ड्युटी सुटल्यावर पाहुण्यांच्या गावी वळला आणि तेथून रात्री परतताना पडला, तर तो धागा तुटतो. वेळ, वाट आणि कारण या तीन गोष्टी पाहिल्या जातात. यासाठीच हजेरीपट, पाळीचा तक्ता आणि ड्युटी बदलल्याची नोंद नीट ठेवणे हे कामगाराच्या हिताचे आणि कारखान्याच्याही हिताचे आहे.

५. नवी संहिता

दरम्यान कायद्यांचे पुस्तकच बदलले. केंद्राने जुने कामगार कायदे एकत्र करून चार संहिता केल्या व त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आणल्या. त्यांपैकी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिच्यामध्ये नऊ जुने कायदे सामावले आहेत. १९२३ चा भरपाईचा, १९४८ चा ईएसआयचा, १९५२ चा भविष्य निर्वाह निधीचा, १९६१ चा प्रसूतिलाभाचा आणि १९७२ चा ग्रॅच्युइटीचा हे त्यांतील आपल्या नित्याच्या ओळखीचे.

आपल्या विषयापुरते पाहिले तर नाव बदलले, पण गाभा तोच राहिला. घर ते काम आणि काम ते घर या वाटेवरील अपघाताची तरतूद आता भरपाईच्या प्रकरणातच स्पष्ट शब्दांत आली आहे. म्हणजे जे न्यायालयात बावीस वर्षे भांडून मिळवावे लागले, ते आता कायद्याच्या पुस्तकातच छापलेले आहे. यापुढे "आम्हाला ठाऊक नव्हते" ही सबब चालणार नाही. ईएसआयमधून हंगामी कारखाने वगळण्याची तरतूद नव्या संहितेतही कायम आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

६. पैशाचा हिशोब

भरपाई कुणाच्या मर्जीवर नसते, तिचे सूत्र आहे. मृत्यू झाल्यास महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग घ्यायचा आणि वयाप्रमाणे तक्त्यात दिलेल्या आकड्याने गुणायचे. कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास पगाराच्या ६० टक्क्यांना गुणायचे. पगार कितीही असला तरी हिशोबाला धरायची मर्यादा ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने १५,००० रुपये केली. त्याआधी ती ८,००० होती.

उदाहरण घेऊ. कामगाराचे वय ४० पूर्ण, पगार १५,००० किंवा त्याहून अधिक. तक्त्यातील आकडा १८४.१७.

मृत्यू झाल्यास : ७,५०० × १८४.१७ = १३,८१,२७५ रुपये.
कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास : ९,००० × १८४.१७ = १६,५७,५३० रुपये.

याखेरीज दवाखान्याचा प्रत्यक्ष झालेला खर्च मालकाने द्यायचा असतो. ही तरतूद २००९ च्या दुरुस्तीने आली आणि नव्या संहितेतही आहे.

'संपूर्ण अपंगत्व' कशाला म्हणायचे, याचा एक जुना निकाल लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचे प्रकरण होते. त्याचा डावा हात कोपराच्या वरून गेला. मालकाचे म्हणणे, एक हात शाबूत आहे, मग संपूर्ण अपंगत्व कसे? न्यायालयाने म्हटले, एका हाताने सुतारकाम होत नाही. त्याच्या धंद्यापुरते ते संपूर्णच. त्याच निकालात असेही ठरले, की देणे अपघाताच्या दिवसापासून लागू होते, निकालाच्या दिवसापासून नाही.

आणि येथेच व्याजाचा प्रश्न येतो. महिन्याच्या आत भरपाई दिली नाही तर १२ टक्के व्याज. दिरंगाईला समर्थनीय कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. धाराशिवच्या प्रकरणाचा नुसता आकडा मांडून पाहू. ३,२६,१४० रुपयांवर वर्षाचे व्याज सुमारे ३९,१३७ रुपये. बावीस वर्षांचे सुमारे ८,६१,००० रुपये. मुद्दल सव्वातीन लाख, व्याज साडेआठ लाखांच्या पुढे! वकिलाची फी वेगळी. देणे असेल ते वेळेवर द्यावे, हे आपले वाडवडील सांगत आले. येथे कायदाही तेच सांगतो.

७. मुकादम, ठेकेदार आणि आपण

"तो आमचा माणूस नव्हे, ठेकेदाराचा माणूस," हे वाक्य अपघात झाला की पहिल्यांदा ऐकू येते. कायद्यात याचे उत्तर आहे. आपल्या धंद्याचे नेहमीचे काम आपण ठेकेदाराकडून करून घेतले आणि त्याच्या माणसाला इजा झाली, तर भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. मूळ मालकाने ती द्यावी आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. केन यार्डातील, गव्हाणीवरील, बगॅस किंवा पोती हलविणारे ठेक्याचे मजूर यांच्याबाबत हे सरळ लागू होते.

ऊसतोडीच्या फडावर मात्र गुंता अधिक आहे. उचल मुकादमाला दिलेली, करार तोडणी-वाहतूक यंत्रणेशी, रान सभासदाचे आणि ऊस कारखान्याचा. अशा वेळी करारनामा कसा आहे आणि कामावर ताबा कुणाचा होता, हे प्रकरणापरत्वे पाहिले जाते. म्हणजे आधी खात्री देता येत नाही. ज्या गोष्टीची खात्री देता येत नाही, तिचा विमा उतरवावा, हा व्यवहार. तोडणीच्या टोळीचा, बैलांचा, ट्रॅक्टर-ट्रॉलीचा आणि त्यावरील माणसांचा विमा हंगामाच्या पहिल्या मोळीच्या आधी झाला पाहिजे. अपघात झाल्यावर विम्याची धावपळ उपयोगाची नाही.

८. आपल्या रानातला ट्रॅक्टर

"आमच्या रानात बी हा कायदा येतो का हो?" असा प्रश्न बैठकीत आलाच. सर्व शेतीकामाला हा कायदा लागू नाही. परंतु कायद्याच्या अनुसूचीत ट्रॅक्टर किंवा इंजिनावर, विजेवर चालणाऱ्या यंत्रांनी होणारी शेती आहे. कूपनलिकेचे काम व दुरुस्तीही आहे. तेव्हा रोटाव्हेटरमध्ये मजुराचा पाय सापडला, मोटार काढताना माणसाला शॉक बसला, तर मालक म्हणून आपल्यावर जबाबदारी येऊ शकते. ती दोन-पाच हजार देऊन मिटत नाही.

म्हणून पीटीओच्या शाफ्टवर गार्ड, मोटारीला अर्थिंग, ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर आणि ड्रायव्हरला लायसन्स, हे खर्च वाचवू नयेत. रिफ्लेक्टर न लावलेली ट्रॉली रात्री रस्त्यात उभी करणे म्हणजे पाळीवर येणाऱ्या आपल्याच माणसासमोर भिंत उभी करणे आहे.

९. दवाखान्यालाही कायदा आहे

अपघात झाला की मालक आणि दवाखाना, दोघांचीही परीक्षा सुरू होते. "आधी पोलीस केस करा, आधी डिपॉझिट भरा," हे शब्द आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असतील. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका स्कूटरस्वाराचे प्रकरण आले. जवळच्या दवाखान्याने पोलीस केस म्हणून त्याला घेतले नाही आणि दुसरीकडे पाठवले. वाटेतच त्याचा जीव गेला. न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य जीव वाचविण्याचे आहे, कागद नंतर. १९९६ साली पश्चिम बंगालमधील खेतमजुरांच्या संघटनेने असाच प्रश्न नेला. रेल्वेतून पडलेला एक शेतमजूर एकामागून एक सरकारी रुग्णालये फिरला, कोठेही खाट नाही. न्यायालयाने राज्य शासनाला त्यास २५,००० रुपये देण्यास सांगितले.

रस्त्यावरील अपघातासाठी ५ मे २०२५ पासून केंद्राची विनारोकड उपचार योजनाही आली आहे. नेमलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मिळू शकतात. आपल्या भागातील कोणती रुग्णालये त्यात आहेत, याची यादी गट ऑफिसात लावावी, अशी आमची सूचना आहे.

दुसरा मुद्दा बिलाचा. कामगाराचे बिल कारखान्याने भरले, तर कामगाराला दवाखान्याविरुद्ध तक्रार करता येते का? येते. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात आणली. नोकरीच्या अटीचा भाग म्हणून मालक खर्च करतो, तेव्हा ती सेवा फुकट समजायची नाही, असेही तेव्हाच सांगितले. म्हणजे पैसे भरणारा कारखाना असला, तरी हलगर्जीबद्दल दाद मागण्याचा हक्क रुग्णाचाच.

आपल्या राज्यात खासगी रुग्णालयांना १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी करावी लागते. २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारले. दरपत्रक आणि रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे आता आवश्यक आहे. ज्या कारखान्यांच्या संस्था स्वतः रुग्णालय चालवितात, त्यांनी आपल्या भिंतीवर हे दोन फलक आहेत का, ते प्रथम पाहावे.

आणि एक गोष्ट लिहिताना लेखणी जड होते, पण टाळता येत नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने केलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करावीत, असा सर्व राज्यांना आदेश दिला. दोष केवळ दवाखान्याचा म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. एका दिवसाचा खाडा पडला की पैसे कापले जातात, ही भीती ज्या बाईच्या मनात आहे, ती दुखणे अंगावर काढते किंवा घाईची शस्त्रक्रिया पत्करते. तिने तोडलेला ऊस आपलाच असतो.

१०. शंका-समाधान

*शंका : चूक कामगाराची असली तर?*
समाधान : दारूच्या अमलाखाली असणे, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडणे किंवा गार्ड काढून टाकणे, अशा वेळी मालकाला बचाव आहे. पण मृत्यू झाला किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले, तर हा बचाव चालत नाही.

*शंका : पंचांसमोर घरच्यांना पैसे दिले, स्टॅम्पवर सही घेतली. मिटले ना?*
समाधान : नाही. मृत्यूची भरपाई सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करायची असते. परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. हक्क सोडल्याचा करारही कायद्याने रद्दबातल. म्हणजे पैसे दोनदा जाण्याची पाळी येते.

*शंका : विमा आहे, मग आम्हाला काय काळजी?*
समाधान : मुद्दल आणि व्याज विमा कंपनीकडून मिळू शकते. परंतु दिरंगाईचा दंड मालकानेच सोसायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली ठरविले आहे. शिवाय पॉलिसीत वीस माणसे आणि कामावर तीस, असा प्रकार असेल तर विमा असून नसल्यासारखा.

*शंका : दुसऱ्याच्या ट्रकने धडक दिली असेल तर?*
समाधान : मोटार वाहन कायद्याखाली त्या ट्रकमालकाकडे व त्याच्या विमा कंपनीकडे मागता येते, किंवा आपल्या मालकाकडे भरपाई मागता येते. दोन्हीपैकी एकच मार्ग निवडावा लागतो. कोणता मार्ग हिताचा, याचा सल्ला त्या कुटुंबाला मिळवून देणे हे चांगल्या मालकाचे काम.

*शंका : हाड मोडून माणूस दोन महिने घरी बसला, तर?*
समाधान : तात्पुरत्या अपंगत्वाला दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के रक्कम आणि दवाखान्याचा खर्च द्यायचा असतो. हे उपकार नव्हेत, देणे आहे.

ध्यानात ठेवायच्या गोष्टी

१) अपघात झाला की प्रथम दवाखाना, मग पंचनामा, मग चर्चा.
२) हजेरी, पाळी आणि ठेक्याच्या माणसांची नावानिशी नोंद रोजच्या रोज.
३) विमा हंगामाआधी, खऱ्या संख्येचा आणि खऱ्या पगाराचा.
४) देणे लागत असेल तर महिन्याच्या आत रक्कम जमा करावी. अपील करायचे तर अवश्य करावे, पण केवळ दिवस काढण्यासाठी करू नये.
५) वार्षिक सभेत ताळेबंद वाचताना "अपघात भरपाईची किती प्रकरणे पडून आहेत आणि त्यांवर व्याज किती चढले?" हा एक प्रश्न सभासदांनी जरूर विचारावा.

सहकाराची सुरुवात आपण एकमेकांच्या अडीनडीला उभे राहण्यासाठी केली. उसाला काटा मारला तर आपल्याला राग येतो, कारण तो आपल्या घामाचा भाव असतो. पहाटे तीनच्या पाळीला घरून निघालेल्या माणसाचाही एक भाव आहे आणि त्याचा काटा आपल्या हातात आहे. तो सरळ धरू या.